कॅलिपर जाम झालाय? रबर बदलण्याआधी खोबण बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काकांनी इंग्लंडहून परतताना आणलेली १९८३ सालची मर्सिडीझ २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३, प्रभात रोडच्या गल्लीत सहा वर्षं झाकून उभी होती. आता ती चालू केलीत. चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते, घरी पोचल्यावर पुढच्या डाव्या चाकाला जळका वास येतो आणि जॅकवर घेतलं तर ते चाक हाताने फिरत नाही. एक गॅरेज म्हणतं चारही कॅलिपर (चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून ब्रेक लावणारे भाग) नवीन टाका, दुसरं म्हणतं किट (नव्या रबरांचा संच) टाकून देतो, दोन तासांचं काम आहे. हे घरी होईल का, असं तुम्ही विचारलंय.

होईल. पण दोन तासांत होणार नाही. एका चाकाला एक अख्खा दिवस धरा. आणि 'किट टाकून देतो' या वाक्यावर मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक कॅलिपर तिथेच बिघडतात.

माझी नोकरी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये गेली. मायक्रोमीटर आणि बफिंगशी जन्माची ओळख. जुन्या गाड्यांचे कॅलिपर मी १९९८ पासून घरी उघडतोय आणि पहिलाच चुकवला होता. तेव्हा मी तेच केलं जे तुम्हाला दुसऱ्या गॅरेजने सांगितलंय: जुनं रबर काढलं, नवं घातलं, पिस्टन पुसून आत ढकलला. सासवडहून परत येताना दिवे घाटात पुन्हा तोच वास. तेव्हा वाटलं किट नकली निघालं. दुसऱ्यांदा उघडल्यावर कळलं की किट अगदी उत्तम होतं, त्याच्या मागे बसलेला गंज मी तसाच ठेवला होता.

हे समजायला कॅलिपरच्या आत काय चालतं ते एकदा डोळ्यांसमोर आणायला हवं. तुमच्या गाडीच्या कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन आहेत, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक. कॅलिपर स्वतः सरकत नाही, तो नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला, घट्ट बोल्ट केलेला असतो. प्रत्येक पिस्टनभोवती, भोकाच्या भिंतीत कोरलेल्या खोबणीत, एक रबरी रिंग बसते. ती नीट बघा: छेद गोल नसतो, चौकोनी असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टनला पुढे ढकलतं, पिस्टन रबराला घासून पुढे सटकत नाही, रबर त्याच्याबरोबर तिरकं होतं. पेडल सोडलं की रबर सरळ होतं आणि पिस्टनला आपल्याबरोबर मागे ओढतं. हे मागे येणं मिलिमीटरचा एक-दोन दशांश, जास्त नाही. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्याच जागेत. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे आणणारी दुसरी कुठलीही स्प्रिंग नाही. लोक त्या रिंगला 'सील' म्हणतात म्हणून ती फक्त गळती थांबवते असं वाटतं. खरं तर परतीची स्प्रिंगही तीच आहे.

आता खोबणीच्या तळाशी गंजाचा थर बसला असेल तर काय होईल? रबराला तिरकं व्हायला जागाच उरत नाही. ते पिस्टनला आवळून धरतं, पिस्टन त्याच्यावरून घसरून पुढे जातो आणि मागे यायचं नाव घेत नाही. नवं रबर घातलंत तर ते उलट जास्त आवळेल, कारण जुनं झिजून थोडं सैल तरी झालं होतं. दिवे घाटात माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं.

उघडण्याआधी मात्र दोष कॅलिपरचाच आहे याची खात्री करा. चाक जॅकवर असताना पेडल दोन-तीनदा दाबून सोडा, चाक अडकलं की ब्लीड निपल (ऑइलमधली हवा काढायचा कॅलिपरवरचा छोटा पोकळ स्क्रू) अर्धा फेरा सैल करा. थोडं ऑइल चिळकांडीसारखं उडून चाक मोकळं झालं, तर पिस्टन बरा आहे आणि दाब मागेच अडकून राहतोय. अशा वेळी संशयित दोघं: कॅलिपरला ऑइल पोचवणारा रबरी होज पाइप आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मुख्य पंप. होज पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगून त्याची झडप बनते. पेडलचा जोर ऑइल पलीकडे ढकलतो, परत यायला मात्र त्याला जोर नसतो. पुन्हा ब्रेक अडकवा आणि या वेळी मास्टर सिलिंडरकडचा युनियन नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये, नाही सुटलं तर होजमध्ये. निपल उघडूनही चाक जखडलेलंच राहिलं, तरच कॅलिपर उघडायचा. चाळीस वर्षांच्या गाडीत होज पाइप तसेही बदलायचेच आहेत, तेव्हा ते आणून ठेवा.

अजून एक गोष्ट, कारण तुमची गाडी डिझेल आहे. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्यूम मिळत नाही, ब्रेक बूस्टरसाठी, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यासाठी, वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. या गाडीत किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होतं तेही याच व्हॅक्यूमवर. गाडी बंद व्हायला वेळ घेत असेल आणि पेडल दगडासारखं लागत असेल तर त्याचा दोष कॅलिपरच्या माथी मारू नका. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा मारा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

सामानाचं सांगतो. आधी कॅलिपरच्या अंगावर ओतलेलं नाव वाचा. या गाडीला एटीई आणि बेंडिक्स, दोन्ही बनावटीचे कॅलिपर लागलेले आहेत आणि एकाचं किट दुसऱ्याला बसत नाही. पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजून मगच किट मागवा. नाना पेठेत जुन्या भारतीय गाड्यांचं बरंच काही मिळतं, पण या गाडीचं किट तिथे हमखास मिळेल असं धरून चालू नका, मागवावं लागेल. दुकानदार 'साइज तीच आहे, चालून जाईल' म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली आधाराला लोखंडी घोड्या दोन. विटा नकोत, सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत, ते सूचना न देता फुटतात. पाइपांच्या नटांसाठी फ्लेअर पाना लागेल. साध्या पान्याने ते मऊ नट गोल होतात आणि मग दिवस तिथेच संपतो. टॉर्क पाना (ठरावीक ताणाने आवळणारा) नसेल तर कुणाचा तरी उसना आणा.

पॅड काढताना येणारी काळी धूळ फुंकू नका, कंप्रेसरची हवा मारू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक क्लीनरचा स्प्रे घेतलात तर डब्यावर क्लोरीनयुक्त लिहिलंय का बघा. तसा असेल तर तो मारलेल्या भागाजवळ वेल्डिंग किंवा ज्योत नेऊ नका, त्यातून विषारी वायू होतो.

पिस्टन काढायचं सगळ्यात चांगलं यंत्र तुमच्या गाडीतच आहे: ब्रेक पेडल. म्हणून होज पाइप सोडायची घाई करू नका. पॅड काढा, कॅलिपर नकलवरून सोडवा, तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. दोन पिस्टनमध्ये लाकडाची फळी ठेवा आणि कुणाला तरी सावकाश पेडल दाबायला सांगा. दोन पिस्टन असले की एक आधी बाहेर येतो आणि तो निघाला की दुसऱ्याला ढकलायला दाबच उरत नाही. म्हणून जो चपळ आहे त्याला सी-क्लॅम्पने दाबून धरा आणि हट्टी आहे त्याला पुढे येऊ द्या. दोन्ही जवळजवळ काठावर आणा, हाताने फिरवून काढता येतील इतपत. मगच होज सोडा आणि त्याच्या तोंडाला बूच लावा.

हवेने काढायची वेळ आलीच तर दाब कमी ठेवा, दोन-तीन बारच्या वर नको, आणि मध्ये जाड लाकूड. बोटं कधीही मध्ये नाहीत. एकदा मी घाईत फडकं गुंडाळून हवा मारली होती. पिस्टन फडक्यासकट उडाला आणि समोरच्या लोखंडी कपाटावर आदळला. तो पोचा अजून आहे, आमच्या घरी पाहुण्यांना तो दाखवला जातो.

हवेनेही हलला नाही तर ग्रीस गन. होजच्या जागी त्याच आट्याचं ग्रीस निपल बसवायचं (बहुतेक एम १० बाय १, पण मोजून घ्या), दुसरी भोकं बंद करायची आणि हळूहळू पंप मारायचा. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन उडत नाही, मुकाट्याने सरकतो. याने न निघालेला पिस्टन मी आजवर एकच पाहिलाय. पण नंतर ते ग्रीस आतल्या प्रत्येक वाटेतून शंभर टक्के काढावं लागतं, कारण साधं ग्रीस ब्रेकच्या रबराचं वैरी आहे. कॅलिपरला गॅसची ज्योत दाखवू नका. आत ऑइल कोंडलेलं असतं.

आणि हो, कॅलिपरच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारे चार बोल्ट उघडायचा मोह टाळा. दोन भागांच्या मध्ये ऑइलच्या वाटेवर बारीक रिंगा असतात, त्या किटमध्ये बहुधा नसतात, आणि ते बोल्ट ठरावीक ताणाचे असतात. न उघडताही सगळं काम करता येतं, जरा वाकडी बोटं करावी लागतात इतकंच.

पिस्टन काढण्याआधी त्याचा फोटो घ्या. एटीईच्या पिस्टनच्या तोंडाला एका बाजूला पायरी असते आणि ती ठरावीक कोनात, २० अंशांवर, बसवायची असते. पॅड किंचित तिरका लागावा आणि किंचाळू नये यासाठी ती युक्ती आहे. तिचं गेज मिळतं, पण पुठ्ठ्याचं कापूनही चालतं. कॅलिपरच्या अंगावर सुईने खूण करून ठेवलीत तर आणखी सोपं.

आता पिस्टन उजेडात धरा. इथे तुमचा खर्च ठरतो. सील पिस्टनच्या अंगावर चालतं, भोकाच्या भिंतीवर चालत नाही. म्हणून भोकात दिसणारे बारीक खड्डे फारसे महत्त्वाचे नाहीत, होनिंग, म्हणजे भोक आतून घासून गुळगुळीत करणं, करायची गरज नाही. उलट होनिंगने भोक मोठं करून ठेवाल. पिस्टनवरचं क्रोम मात्र आरशासारखं हवं. डाग असेल तर १००० किंवा १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, गोल गोल, हलक्या हाताने. नख फिरवल्यावर अडकेल असा खड्डा असेल तर तो पिस्टन संपला. पॉलिश करून खड्डा जात नाही, त्याच्या आसपासचं क्रोम जातं. तुमच्या गाडीत खड्डे बहुधा डस्ट बूटच्या (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या रबरी झाकणाच्या) आत, काठाजवळ सापडतील, कारण गाडी उभी असताना ओल तिथेच साठते.

पिस्टन नवे मिळत असतील तर नवे घ्या. नाही मिळाले तर स्टेनलेस स्टीलचे लेथवर करून घेता येतात. मी तसे दोनदा करवून घेतलेत. पण ड्रॉइंग देताना व्यासाला 'जुन्याइतका' असं लिहू नका. गंजलेला जुना पिस्टन मोजून तुम्ही गंज मोजता. खराब न झालेल्या भागावर मायक्रोमीटर लावा, तीन ठिकाणी मोजा आणि शक्य तर दुसऱ्या बाजूच्या पिस्टनशी ताडून पाहा. डस्ट बूटची खोबण आणि ती पायरी, दोन्ही हुबेहूब हवीत. शेवटचा हात ग्राइंडिंगचा हवा, लेथच्या टूलच्या रेघा सीलला कानशीसारख्या कापतात. टर्नरकडे जायचं असेल तर गुरुवार सोडून जा. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात बऱ्याच वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते आणि पुणेकर हे दर वेळी विसरतात.

मग येते ती खोबण. तिच्यासाठी अख्खी दुपार ठेवा. जुनं रबर काढायला स्क्रू-ड्रायव्हर नको. बांबूची काडी टोकदार करून घ्या किंवा प्लॅस्टिकची विणायची सुई. रबर निघाल्यावर तळाशी तपकिरी-काळा थर दिसेल. काही वेळा तो इतका गुळगुळीत असतो की धातूच वाटतो, मी १९९८ साली त्यालाच फसलो होतो. काडीने खरवडून पाहा, पूड निघाली तर गंज.

तो काढायला माझी पद्धत स्वयंपाकघरातली आहे: लिंबूसत्त्व. ढोकळ्यात घालतात तेच. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, त्यात कॅलिपर बुडवून दोन-चार तास, मधून मधून बाहेर काढून टूथब्रशने घासायचा. रात्रभर विसरू नका, आम्ल चांगल्या लोखंडालाही खातं. निपल आणि रबरी भाग आधीच काढलेले हवेत. मग भरपूर पाणी, त्यानंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी आणि लगेच हवेने वाळवणं. लगेच म्हणजे लगेच. पुण्यात जुलै महिन्यात ओलं ओतीव लोखंड तुमचा चहा होईपर्यंत पिवळं पडतं. हे काम पावसाळा संपल्यावर काढलंत तर सुखी राहाल. खोबणीच्या कोपऱ्यांत उरलेलं पितळेच्या टोकाने उचला, पोलादी टोकाने नको. तिथे ओरखडा पडला तर त्याला उपाय नाही. खोबणीत बोटाचं नख फिरवा, सगळीकडे सारखा सपाट तळ लागायला हवा. डस्ट बूट ज्या कडेवर बसतो ती कडही विसरू नका, ती गंजलेली असली तर बूट उचलला जातो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच पुराण.

ऑइलच्या वाटा तपासायला होजच्या भोकातून ब्रेक क्लीनर मारा आणि तो निपलच्या भोकातून आणि दुसऱ्या बाजूच्या पिस्टनच्या भोकातूनही बाहेर येतो का बघा. दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारी वाट बुजलेली असते कधी कधी आणि मग एकच पिस्टन काम करतो.

बाहेरून रंग देणं ही हौस आहे, करा. पण पॅड ज्या कडांवर सरकतो तिथे रंगाचा जाड थर नको, पॅड अडकेल. झिंक प्लेटिंग जास्त टिकतं आणि मूळच्या रूपाच्या जवळ जातं. भोकं आणि खोबणी बंद करून द्या. कॅलिपरचे बोल्ट मात्र प्लेटिंगला देऊ नका. उच्च ताणाच्या बोल्टमध्ये प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शिरतो आणि नंतर भट्टीत भाजून तो काढला नाही तर बोल्ट अचानक तुटू शकतो. पन्नास रुपयांची चकाकी ब्रेकच्या बोल्टवर नको.

जोडणी ही सगळ्यात छोटी गोष्ट, जर वरचं सगळं नीट झालं असेल तर. हात साबणाने धुवा, टेबलावर कालचा नव्हे, आजचा स्वच्छ कागद. वंगण दोनच चालतात: ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस. इंजिन ऑइल, साधं ग्रीस, पेट्रोल, रॉकेल यांपैकी काहीही सीलला लागलं तर ते फुगतं. रॉकेलने धुतलेला कॅलिपर कुणी 'चकचकीत करून दिलाय' म्हणून घरी आणला, तर मी तो परत उघडायला लावतो. सील ऑइलमध्ये बुडवून बोटांनीच खोबणीत बसवा आणि पूर्ण फेरा बोट फिरवून पीळ पडलेला नाही ना ते पाहा. पिस्टन सरळ धरून दोन अंगठ्यांनी दाबा. तो थोडा विरोध करील आणि मग एकदम लोण्यात गेल्यासारखा जाईल. हातोडी हवीशी वाटली तर पिस्टन तिरका आहे. बाहेर काढा, पुन्हा.

इथेच एक परीक्षा घेऊन टाका. पिस्टन पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा आणि बोटाने परत आत दाबा. नीट केलेला कॅलिपर अंगठ्यांना मान देतो. क्लॅम्प लावल्याशिवाय हलत नसेल तर खोबणीत अजून काहीतरी आहे. कंटाळा आला तरी परत उघडा. गाडीवर चढवल्यावर उघडण्यापेक्षा हे सोपं.

गाडीवर बसवताना बोल्टचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, अंदाजाने नाही. डिस्कची जाडी मोजा; किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. पॅड दोन्ही बाजूंना नवे. आणि कॅलिपर डाव्या चाकाचा बिघडला असला तरी उजवाही उघडा. तोही त्याच गल्लीत, त्याच पावसात सहा वर्षं उभा होता. एकाच बाजूचा केलात तर गाडी आता उजवीकडे ओढेल, कारण डावा जास्त चांगला सुटेल.

ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचं. ते हवेतली ओल शोषून घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ४ च्या प्रमाणात कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस आणि साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर कमीत कमी १५५ धरलेला आहे. डॉट ३ मध्ये हेच २०५ आणि १४०. घाट उतरताना ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून फडताळात दोन वर्षांपूर्वी उघडून ठेवलेला डबा वापरू नका, कितीही भरलेला असला तरी. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका, रंग उचलला जातो.

ऑइलमधली हवा काढायला दोन माणसं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे ना ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली जातो आणि हवा जन्मात निघत नाही. हसू नका, हे अनुभवी माणसांकडून होतं. पेडल मारणाऱ्याला एक गोष्ट सांगा: पेडल तळापर्यंत दाबायचं नाही. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबरं रोज जेवढं सरकतात त्याच्या पुढच्या भागात गंज असतो, तिथे गेली की फाटतात आणि मग कॅलिपरच्या नादात मास्टर सिलिंडरही गेला.

हवा काढून झाल्यावर पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर गेलाय. पेडल धरलेलं असताना दुसऱ्याने प्रत्येक जोड टॉर्चने बघावा. आणि गाडी जागची हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा मारायला विसरू नका. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दोन पेडलांना काहीच लागत नाही. पार्किंगमधून काढताना भिंतीला टेकलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्यांतली एक आमचीच.

नवे पॅड डिस्कवर घासून जमवायला सपाट, रिकामा रस्ता, पहाटेची वेळ. ताशी ५० पासून १५ पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर गार होऊ द्यायचं. सिंहगड किंवा कात्रज पहिल्या दिवशी नको. परतल्यावर चारही चाकांच्या मध्यभागी हात जवळ न्या, लावू नका. पुढची दोन साधारण सारखी गरम हवीत. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण कोविडच्या वेळचा कपाळाचा नको. तो माणसाच्या तापासाठी केलेला असतो, डिस्कपुढे तो नुसतं 'हाय' दाखवतो. एकदा मुलाने आणून दिला होता.

रात्री गाडीखाली प्रत्येक चाकाच्या आत वर्तमानपत्राचं पान ठेवा. सकाळी डाग नसेल तर आठवड्याने परत ठेवा, कारण नवं सील बसताना कधी पहिल्या दिवशी गळत नाही, चौथ्या दिवशी पाझरतं. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून त्यावर ठळक लिहा आणि वापरलेलं इंजिन ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. बाटली पाण्याची असेल तर लेबल फाडून टाका, आमच्या सोसायटीत एकाने फिकट पिवळं ऑइल सरबत समजून उचललं होतं. तोंडाला लावलं नाही, नशीब.

मागची दोन चाकं सध्या फिरतायत असं तुम्ही लिहिलंय. तीही या थंडीत उघडा, पण पुढची झाल्यावर. तिथेही समोरासमोर दोन पिस्टनच आहेत, पद्धत हीच. फक्त हँडब्रेकचे छोटे लायनर डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये असतात आणि सहा वर्षं हँडब्रेक ओढून ठेवली असेल तर ते चिकटलेले असतात. डिस्क निघाली नाही तर आधी ॲडजस्टर सैल करा, मग हातोडी.